रांजणातला डास आणि पुण्याची प्रयोगशाळा



१९५२ साली आफ्रिकेत, आजच्या टांझानियात, तापाची साथ आली. सांधे असे धरले की माणसं वाकून चालायला लागली. तिथल्या माकोंडे भाषेत दुखण्याला नाव पडलं चिकुनगुनिया, म्हणजे वाकवून टाकणारं. त्याच वर्षी आपल्या पुण्यात विषाणूंचा अभ्यास करणारी संस्था सुरू झाली. तिलाच आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणतात.

दोघांची गाठ १९७३ मध्ये बार्शीत पडली. बहात्तरच्या दुष्काळाच्या झळा अजून ताज्या होत्या. गावात तापाची मोठी साथ होती आणि पुण्याच्या शास्त्रज्ञांनी तिचा तपास केला. पुढं तीसेक वर्षं चिकुनगुनिया जवळपास दिसलाच नाही. लोक विसरले. २००६ मध्ये तो महाराष्ट्रभर पुन्हा आला.

मग जुलै २०२१. पुरंदर तालुक्यातल्या बेलसरमध्ये घरोघरी ताप होता. रक्ताचे नमुने पुण्याला गेले. बरेच चिकुनगुनियाचे निघाले, काही डेंग्यूचे, आणि एका बाईच्या रक्तात सापडला झिका. महाराष्ट्रातला पहिलाच. ती बरी झाली. पण गरोदरपणी झिका झाला तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते, म्हणून सगळ्यांना घोर लागला.

तिन्ही आजार पसरवणारा डास एकच, एडिस. पायांवर पांढरे पट्टे, चावतो दिवसा. आजारी माणसाला चावला की काही दिवसांनी विषाणू दुसऱ्याला देतो.

‘डॉक्टर, सुई मारा,’ असं आपण म्हणतो. पण विषाणू आपल्याच पेशींत शिरून वाढतो; जंतूंवरची अँटिबायोटिक त्याला लागू पडत नाहीत. या तिन्हींवर नेमकं औषध नाही. आराम, भरपूर पाणी, तापाला डॉक्टरांनी सांगितलेली पॅरासिटामॉल. डेंग्यूची शंका असेल तर अ‍ॅस्पिरिन किंवा दुकानातली अंगदुखीची गोळी घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. पोटात जोराची कळ, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त असं दिसलं तर लगेच दवाखाना गाठा.

पाणी साठवलं म्हणून बायकांनाच बोल लावतात, ते मला पटत नाही. नळाला रोज पाणी असतं तर रांजण भरले कोणी असते? तरी एक ध्यानात ठेवा: एडिसची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही. आठवड्यातून एकदा काथ्यानं कडा घासायच्या, मग झाकण घट्ट.