आन्यांगची राणी

चीनच्या प्रवासात प्रचंड भिंत पाहिली, राजवाडे पाहिले. पण मनात घर करून राहिला तो हनान प्रांतातील आन्यांग येथील एक दिवस. या शहराच्या कडेला, हुआन नदीकाठी, शांग राजांच्या शेवटच्या राजधानीचे अवशेष आहेत. त्यांना ‘यिनशू’ म्हणतात. वय तीन हजार वर्षांहून अधिक.

या जागेचा शोध लागला तो औषधांमुळे! चिनी वैद्य जुनी हाडे ‘ड्रॅगनची हाडे’ म्हणून रोग्यांना उगाळून देत. १८९९ साली वांग यीरोंग या विद्वानाने अशा हाडांवर कोरलेली अक्षरे ओळखली. ती हाडे आन्यांगजवळच्या शेतांतून येत होती. १९२८ पासून तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन सुरू झाले.

आपल्याकडे देवाला कौल लावतात, तसा शांग राजे पितरांना कौल लावीत. कासवाच्या पाठपोटाच्या कवचाला किंवा बैलाच्या खांद्याच्या हाडाला खळगे पाडून ते तापवायचे. तडा जाई त्यावरून उत्तर वाचायचे आणि प्रश्न हाडावरच कोरायचा. पाऊस, पीक, लढाई, दाढदुखी, सारे काही त्यांत आहे.

या हाडांवर वू दिंग राजाची राणी फू हाओ वारंवार भेटते. ती यज्ञविधी करी, लढाईवर जाई. तेरा हजार सैन्याच्या एका मोहिमेशी तिचे नाव जोडलेले आहे. तिच्या बाळंतपणासाठीही राजाने कौल लावला होता. एकतीस दिवसांनी ती प्रसूत झाली, आणि निकाल कोरला गेला तो असा, की शुभ झाले नाही, मुलगी झाली. माहिती सांगणाऱ्या तरुणीने हे सांगितले, तेव्हा आम्ही बायका एकमेकींकडे पाहतच राहिलो. सेनापती असलेल्या बाईच्या घरीसुद्धा हेच!

तिचे थडगे १९७६ साली सापडले. उत्खननाच्या प्रमुख होत्या झेंग झेनश्यांग, एक स्त्रीच. बाकीची राजथडगी चोरांनी केव्हाच लुटली होती. हे मात्र अभंग राहिले. आत ४६८ काशाच्या वस्तू, ७५५ जेडच्या वस्तू, हाडाचे शेकडो आकडे आणि जवळजवळ सात हजार कवड्या निघाल्या. शंभराहून अधिक भांड्यांवर तिचे नाव आहे. तिच्या मोठ्या परशूही तिच्याबरोबर पुरलेल्या होत्या.

खड्ड्याच्या काठाशी उभी राहून मी हे सारे वैभव मोजत होते. पण त्याच खड्ड्यात सोळा माणसांचे बळी दिले होते, हेही विसरता येत नाही. त्यांची नावे कोणी कोरली नाहीत. त्या ‘अशुभ’ मुलीचे नावही हाडावर नाही.

भगिनींनो, इतिहास राजांच्या हाताने कोरला गेला, तरी जमीन उकरणारा हात कोणाचा, यालाही महत्त्व असते. राणीच्या परशू पुन्हा उजेडात आणल्या त्या एका बाईनेच. आपल्या लेकींच्या हाती पाटीबरोबर कुदळही द्यावी, असे मला त्या दिवसापासून वाटते.