तात्पुरत्या फायली पुसा, पण यादी वाचून

परभणी, प्रतिनिधी : खरिपात परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड येथील ‘आपले सरकार सेवा केंद्रां’त पीक विमा व दाखल्यांसाठी गर्दी होते. नेमका तेव्हाच संगणक रेंगाळू लागला, की ‘टेंप साफ करा’ असा सल्ला हमखास मिळतो. सल्ला योग्य आहे. मात्र घाईत नको ते पुसले गेल्यास एखाद्या शेतकऱ्याची पावतीच नाहीशी होऊ शकते.

तात्पुरत्या फायली म्हणजे काय?
प्रोग्राम चालविताना संगणक कामापुरत्या काही फायली तयार करतो. काम संपल्यावर त्या नष्ट होणे अपेक्षित असते. वीज अचानक गेली, की त्या तशाच पडून राहतात. ‘सी’ ड्राइव्ह भरत आला, की विंडोजला मोकळी जागा अपुरी पडते आणि वेग मंदावतो.

कशा पुसाव्यात?
प्रथम काम सेव्ह करून सर्व प्रोग्राम बंद करावेत. ई-मेलसोबत आलेली किंवा झिपमधील फाइल थेट उघडली असल्यास ती बहुधा तात्पुरत्या जागीच असते. तिच्यात बदल केले असतील, तर ती आधी दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवावी. त्यानंतर संगणक रीस्टार्ट करावा. विंडोज १० व ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘स्टोरेज’, ‘टेंपररी फाइल्स’ या क्रमाने जावे आणि यादी वाचूनच खुणा कराव्यात.

काय पुसू नये?
या यादीत ‘डाउनलोड्स’ हेही नाव दिसते. उतरवून घेतलेल्या पावत्या व दाखले तेथेच असतात, म्हणून त्यापुढील खूण काढून टाकावी. ‘रीसायकल बिन’ही एकदा पाहून घ्यावा. विंडोजची मागील आवृत्ती पुसल्यास तिच्याकडे परतता येत नाही. फाइल वापरात असल्याचा संदेश आल्यास ती सोडून द्यावी. ‘एका क्लिकवर वेग’ देणारी अनोळखी सॉफ्टवेअरे टाळावीत.

ग्राहकांच्या आधार कार्डांच्या प्रती मात्र काम झाल्यावर ‘डाउनलोड्स’मधून निवडून पुसाव्यात व रीसायकल बिनही रिकामा करावा, सामायिक संगणकावर त्या राहणे धोक्याचे आहे.

‘सी’ ड्राइव्हमध्ये पुरेशी जागा असूनही संगणक मंदच असेल, तर सफाईने फारसा फरक पडत नाही. तेव्हा रॅम वाढविणे किंवा जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसविणे उपयुक्त ठरते. त्यापूर्वी महत्त्वाच्या फायलींची प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवावी.