दोन खंजिरांमधली टोपी

रोमचा ‘देनारियस’ जन्मला तो लढाईच्या खर्चापायी. शत्रू सेनापती हॅनिबलशी चाललेल्या युद्धात जुनं चलन कोसळलं आणि इ.स.पू. 211च्या सुमारास साधारण साडेचार ग्रॅम चांदीचं हे नवं नाणं आलं. दर्शनी बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा देवी, मागे दौडत निघालेले जुळे देव कॅस्टर आणि पोलक्स. रेगिलस तळ्याकाठच्या लढाईत ते रोमच्या बाजूने उतरले होते, अशी आख्यायिका. नाणं नगराचं, म्हणून चित्रंही नगराच्या देवतांची.

पण टांकसाळ सांभाळायला दरवर्षी तीन तरुण अधिकारी नेमले जात आणि त्यांना पुढे निवडणुका लढवायच्या असत. हळूहळू देवांच्या जागी त्यांचे पूर्वज, घराण्याचे पराक्रम दिसू लागले. घरोघरी पोचणारा इतका स्वस्त फलक दुसरा कुठला होता?

अशाच एका अधिकाऱ्याने, मार्कस ब्रुटसने, इ.स.पू. 54मध्ये एका बाजूला स्वातंत्र्यदेवता लिबर्टास घेतली आणि दुसरीकडे लुसियस ब्रुटस, म्हणजे राजांना हाकलून प्रजासत्ताक आणणारा आपला मूळपुरुष. मेलेल्या माणसाचं चित्र चालत असे. जिवंत माणसाने आपला चेहरा छापणं मात्र राजेपणाचं लक्षण, आणि रोमला राजा या शब्दाचाच तिटकारा. ती मर्यादा इ.स.पू. 44च्या सुरुवातीला ज्युलियस सीझरने ओलांडली. रोमच्या टांकसाळीतून त्याच्याच चेहऱ्याची नाणी पडू लागली. 15 मार्चला त्याचा खून झाला. मारेकऱ्यांत ब्रुटस होता.

पुढे सीझरच्या पाठीराख्यांशी लढायला सैन्यासोबत फिरताना, पगार भागवायला, ब्रुटसने इ.स.पू. 42च्या सुमारास जे नाणं पाडलं, ते रोमन नाण्यांत सर्वांत धीट म्हणावं लागेल. मागे दोन खंजीर, मधोमध मुक्त झालेल्या गुलामाला मिळणारी टोपी, खाली खुनाची तारीख. खून लपवायचा सोडून त्याची जाहिरात! आणि दर्शनी बाजूला? खुद्द ब्रुटसचा चेहरा. सीझरला ज्या हव्यासाबद्दल मारलं, तोच याच्या नाण्यावर. पगाराला चांदी लागते आणि चांदीवर मालकाचा चेहरा असला की शिपाई ओळखतात, एवढाच त्याचा हिशोब असावा.

त्याच वर्षी फिलिपीच्या लढाईत ब्रुटस हरला, त्याने स्वतःला संपवलं. चेहऱ्याची चाल मात्र पुढच्या साऱ्या सम्राटांनी उचलली. टोपी आणि खंजीर पुन्हा नाण्यावर आले ते इ.स. 68मध्ये, सम्राट नीरोविरुद्ध बंड पेटलं तेव्हा. त्या वेळी पाडणाऱ्यांनी चेहरा लिबर्टासचा ठेवला.