रस निवळण्याची विद्या

निवळी या नांवाचें एक झाड आहे. संस्कृतांत त्यास कतक म्हणतात. त्याचें बी मातीच्या भांड्याच्या आंतल्या अंगास घासून त्यांत गढूळ पाणी ओतावें आणि तें न हलवितां ठेवावें, म्हणजे गाळ तळाशीं बसतो व वर स्वच्छ पाणी राहतें. ही गोष्ट आपल्या देशांत फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत गढूळ पाणी निवळण्याचीं सात साधनें सांगितलीं आहेत, त्यांत पहिलें नांव या बीचें आहे. शेवाळाचें मूळ, वस्त्र, मोतीं हीं त्याच्या मागून येतात. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत तर या बीवरून एक दृष्टांतच रचला आहे. निवळीचें नुसतें नांव घेतल्यानें पाणी कांहीं निवळत नाहीं, असा त्याचा आशय. दृष्टांत धर्माचरणाचा असला, तरी तो करणाऱ्यानें घरांतील पाण्याची घागर नीट पाहिलेली होती यांत संशय नाहीं.

पाणी निवळणें हें त्या मानानें सोपें. फळांचा किंवा उंसाचा रस निवळणें त्याहून पुष्कळ अवघड. कारण रसांतील गढूळपणा ही बाहेरून आलेली माती नसते, ती त्या रसाचीच संतति असते. अशा रसांतून तो गढूळपणा काढावयाचा तर बाहेरून कांहींतरी घालावें लागतें. आणि येथें या विद्येचा खरा प्रश्न उभा राहतो: जें घातलें तें घाण घेऊन स्वतःही निघून जातें, कीं रसांत मागें राहतें? मद्य करणारा आणि गूळ करणारा या दोघांच्याही धंद्याचा इतिहास या एका प्रश्नाभोंवतीं फिरलेला दिसतो.

मद्याची हकीकत प्रथम घेऊं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्ष या अधिकाऱ्याचें स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांत मद्याचे जे प्रकार दिले आहेत त्यांपैकीं एकाचें नांव प्रसन्ना असें आहे. प्रसन्न या शब्दाचा मूळचा अर्थच निवळलेलें, स्वच्छ असा होय; मन प्रसन्न होतें तें मागाहून. त्याच प्रकरणांत मधुकाच्या काढ्यांत कटशर्करा मिसळली असतां मद्याचा वर्ण निवळतो, असा स्पष्ट प्रयोग दिला आहे. आंब्याच्या मद्यास सहकारसुरा आणि द्राक्षांच्या रसाच्या मद्यास मधु अशीं नांवें तेथेंच आढळतात. सुराध्यक्षाचा अंमल मोठा कडक होता. तरी पण मंगल कार्याच्या वेळीं श्वेतसुरा व औषधासाठीं अरिष्ट हीं घरच्या घरीं करण्याची मोकळीक कुटुंबवत्सल गृहस्थास दिलेली होती. घरगुती मद्य ही वस्तु त्या काळीं कायद्याच्या पुस्तकांत येण्याइतकी परिचयाची होती, असा याचा अर्थ.

फळांचा रस आंबून त्याचें मद्य झालें, म्हणजे तें प्रथम गढूळच असतें. त्यांत आंबविणाऱ्या किण्वाच्या सूक्ष्म पेशी असतात, फळाचा गर असतो, सालीचा तुरटपणा असतो आणि कांहीं प्रथिनेंही असतात. पुष्कळसा भाग काळच निवळतो. भांडें थंड जागीं न हलवितां ठेवलें कीं साका तळाशीं बसतो. मग वरची निवळ दुसऱ्या भांड्यांत हलक्या हातानें काढून घ्यावयाची. परंतु कांहीं कण इतके बारीक असतात कीं ते महिनोन् महिने तरंगत राहतात. त्यांच्या अंगीं सारखाच विद्युद्भार असल्यामुळें ते एकमेकांस दूर लोटतात, एकत्र येऊन जड होत नाहींत. अशा वेळीं उलट भाराचा पदार्थ घालावा लागतो. युरोपांत या कामीं अंड्यांतील पांढरा बलक शतकानुशतकें वापरीत आले. बलकांतील प्रथिन तुरट द्रव्याशीं जखडतें, दोहोंचे मिळून पुंजके होतात आणि ते खालीं बसतात. उलट मद्यांत प्रथिनांचाच गढूळपणा असेल, तर बेंटोनाइट नांवाची एक चिकणमाती उपयोगी पडते. तिचा उपयोग १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत प्रचारांत आला. बलक काय किंवा माती काय, दोन्ही साक्याबरोबर तळाशीं जातात आणि त्याच्याबरोबरच टाकून दिलीं जातात. मात्र प्रमाण चुकून अधिक पडलें तर बलकाचा अंश मद्यांतच राहतो, आणि औषध हाच नवा रोग होतो.

मुंबई, साष्टी व वसई येथील मराठी बोलणाऱ्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजांत नाताळासाठीं घरीं फळांचें मद्य करण्याची चाल आहे. तेथें भर आहे तो फडक्यावर आणि धीरावर. देशावर ही चाल रुजली नाहीं. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजीं मुंबई इलाख्यांत विलीन झालें आणि त्याच वर्षींच्या दारूबंदीच्या कायद्यानें परवान्यावांचून मद्य करणें हा गुन्हा ठरला. पण रस निवळण्याची विद्या करवीर प्रांतांत त्यापूर्वींच दुसऱ्या ठिकाणीं वाढीस लागली होती. ती मद्याच्या रांजणांत नव्हे, तर गुळाच्या काहिलींत.

बिद्री हें कागल तालुक्यांतील गांव. येथील सहकारी साखर कारखान्यास दूधगंगा आणि वेदगंगा या दोन नद्यांचें नांव आहे, आणि या नद्यांच्या कांठचा मुलूख उंसाचा आहे. कारखान्याचें धुराडें उभें राहण्यापूर्वीं या भागांतील उंसाची एकच गति होती, ती म्हणजे गुऱ्हाळ. १८९१ मध्यें मिरजेहून कोल्हापुरास आगगाडी आली. १८९५ मध्यें शाहू छत्रपतींनीं शाहूपुरीची व्यापारपेठ वसविली. तेव्हांपासून कोल्हापूरचा गूळ दूरच्या बाजारांत, विशेषतः गुजराथेंत, जाऊं लागला. घरांत खावयाचा गूळ काळा असला तरी चालतो. दूर विकावयाचा गूळ डोळ्यांस भरावा लागतो. गुळव्याच्या हातास किंमत आली ती येथून.

गुऱ्हाळांत चरकांतून निघालेला रस हिरवट काळसर व फेसाळ असतो. त्यांत चिपाडाचा भुगा, माती, उंसाच्या कांड्यावरील मेण, प्रथिनें व डिंकासारखीं द्रव्यें असतात. एक आधण काहिलींत पडलें आणि चुलवणांत चिपाडाचा जाळ लागला, कीं रस तापूं लागतो. रानभेंडीचीं झाडें ठेचून पाण्यांत भिजत घातलेलीं असतात; त्यांचें बुळबुळीत पाणी हीच गुळव्याची निवळी. हीं झाडें मिळावींत म्हणून शेतकरी तीं उंसाच्या कडेनें लावीत. भेंडीचा चीक रसांत पडला म्हणजे त्याचे लांब तंतु सूक्ष्म कणांस गुंतवून घेतात. उष्णतेनें प्रथिनें गोठतात. आणि बुडबुड्यांबरोबर सगळी घाण जाड सायीसारखी वर येते. हीच मळी. रस खळखळून उकळण्याच्या आधीं ती लांब दांड्याच्या झाऱ्यानें काढून घेतली पाहिजे. एकदां उकळी फुटली कीं ती पुन्हां रसांत विरघळते आणि मग कोणत्याही उपायानें निघत नाहीं. मद्याची घाण खालीं बसते, गुळाची वर येते, एवढाच काय तो भेद. मद्य करणाऱ्यास महिने मिळतात, गुळव्यास कांहीं मिनिटें.

भेंडीच्या जोडीला चुना असे. उंसाचा रस किंचित् आंबट असतो, आणि आंबट रस तापला कीं साखरेचा कांहीं भाग फुटून तिचा दाणा बसत नाहीं. असा गूळ पावसाळ्यांत पाझरतो. चुन्याच्या निवळीनें ती आम्लता मोडते. पण चुना जास्त झाला तर रस काळवंडतो व गूळ विटकरी होतो. किती घालावा हें गुळवा मापानें नव्हे, तर रसाच्या रंगावरून ठरवी. पुढें पाक ११८ अंश सेंटिग्रेडच्या आसपास आला, कीं काहील उतरवून तो वाफ्यांत ओतीत आणि घोटून रवे पाडीत. पण तेथवर येण्यापूर्वींच गुळाचें नशीब ठरून गेलेलें असे. मळी ज्यास वेळेवर काढतां आली नाहीं, त्याचा पाक कितीही साधला तरी रवा मळकटच निघे.

साखरेच्या शुद्धीकरणाची कथा वेगळ्या वाटेनें गेली. युरोपांतील कारखान्यांत बैलाचें रक्त आणि पुढें १८१२ च्या सुमारास हाडांचा कोळसा ही साखर निवळण्याचीं साधनें झालीं. १९०५ च्या स्वदेशीच्या चळवळींत परदेशी साखरेविरुद्ध जो प्रचार झाला, त्यांत हाच मुद्दा अग्रभागीं होता. हाडांचा कोळसा गाळून काढला जातो, साखरेंत तो राहत नाहीं, असें रसायनवेत्ते सांगत. खाणाऱ्याचें मन मात्र त्यानें निवळत नव्हतें. आपल्याकडील कारखान्यांनीं चुना व गंधकाचा धूर यांची पद्धत घेतली. दोहोंच्या संयोगानें जो सांका तयार होतो, तो घाण घेऊन खालीं बसतो व वरचा स्वच्छ रस आटविण्यास जातो. मात्र गंधकाचा थोडा अंश साखरेंत उरतो. जातां जातां सांगावयास हरकत नाहीं कीं गुऱ्हाळांतला मळी हा शब्द कारखान्यांत गेल्यावर दुसऱ्याच वस्तूस चिकटला. साखर काढून घेतल्यावर जो काळा पाक उरतो त्यास तेथें मळी म्हणतात, आणि मद्यार्क गाळतात तो या मळीपासून.

गुळाच्या धंद्यांत खरा बदल झाला तो हायड्रॉसनें. सोडियम हायड्रोसल्फाइट ही पांढरी भुकटी चिमूटभर घातली, कीं काळसर रस पाहतां पाहतां पिवळा होतो. शेतकऱ्यास ती गूळ पावडर म्हणून मिळूं लागली. भेंडी ठेचण्याचा त्रास नको, मळीवर डोळा ठेवावयास नको. पण भेंडी आणि ही भुकटी यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. भेंडी घाण बाहेर काढते आणि तिच्याबरोबर निघून जाते. भुकटी कांहींच बाहेर काढीत नाहीं. रंगद्रव्याचा रंग ती तेवढ्यापुरता उडविते. घाण रव्यांतच राहते, गंधकाचा अंश तिच्या सोबतीला येतो, आणि कांहीं महिने गूळ साठविला कीं हवेच्या संयोगानें गेलेला रंग परत येतो. सरकारी नियमानें गुळांतील गंधक डायऑक्साइडचें प्रमाण दहा लक्ष भागांत ७० भागांहून अधिक असतां कामा नये. नियम योग्य आहे. पण सौद्याच्या ठिकाणीं रव्याचा भाव ठरतो तो डोळ्यानें, आणि डोळ्यास गंधक दिसत नाहीं. पिवळ्या रव्यास दर अधिक मिळत असतां शेतकऱ्यानेंच तेवढें व्रत पाळावें, असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. ज्या बाजारानें गुळव्याच्या कलेस किंमत दिली, त्याच बाजारानें ती कला अनावश्यक केली.

कोल्हापुरांत महात्मा फुले कृषि विद्यापीठाचें ऊंस व गूळ संशोधन केंद्र आहे. गूळ निवळण्यास भेंडीसारख्या वनस्पति योग्य, हें जुनें ज्ञान आतां प्रयोगशाळेंतून शेतकऱ्यास पुन्हां सांगितलें जातें. २०१४ मध्यें कोल्हापुरी गुळास भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. इकडे ऊंस कारखान्यांकडे वळल्यानें गुऱ्हाळांची संख्या पूर्वींच्या मानानें पुष्कळ घटली आहे. जीं उरलीं आहेत त्यांपैकीं कांहींनीं भुकटी सोडून भेंडीचा व चुन्याचा गूळ करण्यास आरंभ केला आहे. तो गूळ तपकिरी असतो; मोठ्या रव्यांच्या सौद्यांत त्यास मान नाहीं, म्हणून तो लहान वड्यांच्या रूपानें, रसायनविरहित अशी चिठ्ठी लावून, निराळ्या गिऱ्हाइकास विकला जातो. त्या गिऱ्हाइकास तपकिरी रंगच हवा असतो, आणि त्यासाठीं तें पिवळ्या गुळाहून अधिक दाम मोजतें.