मोजून दिलेला घास

जाड झालेल्या कुत्र्याला खायला काय घालावं, हा प्रश्न पडायला आधी दोन गोष्टी घडाव्या लागतात. एक म्हणजे घरात माणसांची पोटं भरून वर उरेल इतकं अन्न असावं लागतं. दुसरी, कुत्र्याला काही कामधंदा नसावा लागतो. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत या दोन्ही गोष्टी एकत्र जुळून आल्या त्या साधारण १९९१ नंतर. म्हणजे प्रश्न तसा नवाच. पण त्याचं उत्तर शोधायला लागलं की बरंच मागे जावं लागतं. आणि मागे जायचंच तर पुण्याच्या फ्लॅटऐवजी म्हसवडपासून सुरुवात केलेली बरी.

म्हसवड हे सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं, माणगंगेच्या काठचं गाव. पलीकडे सांगली जिल्ह्यातलं आटपाडी. हा सगळा माणदेश, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. नदी आहे, पण वर्षातले कितीतरी महिने तिच्यात वाळूच जास्त. ज्वारी-बाजरी, खिलार बैल आणि मेंढरं यांवर हा मुलूख जगला. खिलार बैलांची तर म्हसवडच्या नावानं ओळखली जाणारी एक वेगळी जातकुळीच आहे. व्यंकटेश माडगूळकर याच टापूतले, आटपाडीजवळच्या माडगुळ्याचे. त्यांची 'बनगरवाडी' (१९५५) वाचली असेल तर मेंढरं, माळ आणि दुष्काळ हे चित्र डोळ्यासमोर आहेच.

म्हसवडचं दैवत सिद्धनाथ. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला इथं सिद्धनाथ-जोगेश्वरीचा रथ निघतो. सिद्धनाथ हे काळभैरवाचं रूप मानतात, आणि भैरवाचं वाहन कुत्रा. म्हणजे एकीकडे कुत्रा देवाच्या जवळचा, आणि दुसरीकडे दारात आला की 'हाड हाड'! आपल्याकडे कुत्र्याचं स्थान कायम असं दोन टोकांना राहिलं. तिकडे साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी आहे. त्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं आणि म्हणून त्याला पालखीचा मान मिळाला, असं सांगतात. पण पालखीतला कुत्रा एखादाच. बाकीचे सगळे मेंढरामागे नाहीतर उकिरड्यावर.

मेंढरामागच्या कुत्र्याचं काय चालायचं बघा. पावसाळा सरला की मेंढपाळ चाऱ्याच्या शोधात बाहेर पडणार, पावसाला परत फिरणार. कळपाबरोबर कुत्राही सगळी वाट तुडवणार. रात्री लांडग्याच्या वासावर जागणार. खायला भाकरीचा तुकडा, त्यावर ताक नाहीतर दूध, कधी मेलेल्या मेंढराचं हाडूक. उंदीर-घुशी ज्याच्या त्यानं मिळवायच्या. या कुत्र्याचं खाणं कुणी मोजलं नाही, कारण मोजायची गरजच नव्हती. घरातली टोपली आणि पायाखालची वाट, या दोघींनी मिळून माप ठरवून ठेवलेलं होतं.

आणि माणसाचं माप? तेसुद्धा या मुलखानं चांगलंच पाहिलंय. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. दिवसभर माती-दगड उपसणाऱ्या माणसाला! पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्याविरुद्ध आवाज उठवला आणि कामावरच्या मजुरांनी संपही केले. पुढे १९७२ च्या दुष्काळात मिलो ज्वारी आणि सुकडी आली, तीही मापानंच. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडला माणदेशी फाउंडेशननं जनावरांची छावणी चालवली. अशा छावण्यांमध्ये मोठ्या जनावराला चारा किती, लहानाला किती, हे ठरलेलं असतं. 'कोणाला किती' हा प्रश्न माणदेशाला नवा नाही. फक्त तिथं तो कायम कमी पडणाऱ्या बाजूनं आला.

जास्त होणाऱ्या बाजूनं तो सुरू झाला लंडनमध्ये. १८६० च्या सुमाराला जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन माणूस विजेपासून इमारती वाचवणाऱ्या सळ्या विकायला तिकडे गेला. गोदीतली कुत्री जहाजावरची टणक बिस्किटं चघळताना त्यानं पाहिली आणि त्यावरून त्याला कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो नसो, धंदा खरा. गहू, भाज्या, बीट आणि मांस यांचं कुत्र्यांसाठी खास बिस्किट त्यानं बाजारात आणलं. त्याचं गिऱ्हाईक मेंढपाळ नव्हता. हौसेखातर कुत्रा पाळणारा सुखवस्तू साहेब होता. स्प्रॅटच्याच कंपनीत काम करणाऱ्या चार्ल्स क्रफ्टनं १८९१ मध्ये स्वतःच्या नावाचं कुत्र्यांचं प्रदर्शन सुरू केलं, ते आजही भरतं. कुत्र्याची हौस आणि कुत्र्याचं विकतचं खाणं ही जुळी भावंडं आहेत ती अशी.

पुढचा प्रवास भराभर सांगतो. १९२२ मध्ये अमेरिकेत घोड्याच्या मांसाचे डबे आले. दुसऱ्या महायुद्धात पत्र्याची टंचाई झाली, डबे मागे पडले आणि कोरडं खाणं पुढे आलं. १९५७ मध्ये प्युरिना कंपनीनं वेगळ्याच यंत्रातून काढलेलं खाणं बाजारात आणलं. ओलं पीठ उष्णतेत आणि दाबाखाली बारीक भोकातून ढकलायचं, की ते बाहेर येताना फुलतं. आपल्या कुरकुऱ्यांचं तंत्र तेच. पण असा कोरडा दाणा कुत्र्याला फारसा आवडत नाही. म्हणून वरून चरबीचा आणि चवीचा थर देतात.

इथं थोडं थांबूया, कारण गोम इथेच आहे. साध्या कोरड्या खाण्यात १०० ग्रॅमला साधारण ३५० ते ४०० किलोकॅलरी असतात. म्हणजे एखाद्या लॅब्रॅडॉरपुढे सकाळ-संध्याकाळ मिळून साडेचारशे ग्रॅम ओतलं, तर टेंपलसाहेबानं मजुराला दिलेल्या धान्याइतकी ऊर्जा झाली. आणि आपला कुत्रा दिवसभरात काय करतो? लिफ्टनं खाली जातो, वर येतो, सोफ्यावर झोपतो :-)

त्यात लॅब्रॅडॉरची एक वेगळीच भानगड आहे. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं, की सुमारे चौथा हिस्सा लॅब्रॅडॉरांमध्ये पीओएमसी या जनुकाचा एक तुकडाच गळालेला असतो. त्यामुळे 'पोट भरलं' हा निरोप नीट पोचत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर लूपमधून बाहेर पडायची अटच कोडमधून उडालीय. असा कुत्रा ताटाशेजारी बसून केविलवाणं बघतो ते लबाडी म्हणून नाही. त्याला खरंच भूक लागलेली असते. पण ती भूक हे त्याच्या गरजेचं माप नाही.

मग बिघडतं काय? चार किलो जास्त असले तर असले! तर याचं उत्तर देणारा एक प्रयोग आहे. प्युरिनानंच ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला जेवढं खाणं, त्याच्यापेक्षा २५ टक्के कमी दुसऱ्याला, आणि हे जन्मभर. निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. कमी खाणारे कुत्रे मध्यमानानं १३ वर्षं जगले, दुसरे ११.२ वर्षं. सांधेदुखीची औषधंही कमी खाणाऱ्यांना उशिरा लागली. जास्त खाणारे काही ढोल नव्हते, आपल्या सोसायटीत दिसतात तसे जरा गुटगुटीत होते. त्या गुटगुटीतपणाची किंमत जवळजवळ दोन वर्षं. तेरा वर्षांच्या आयुष्यातली दोन.

आता, 'कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला भाकरी-भात चालतच नाही' असं हल्ली ऐकू येतं. हे काही खरं नाही. २०१३ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी कुत्रा आणि लांडगा यांची जनुकं ताडून पाहिली. पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या शेतीबरोबर कुत्रा धान्य खायला शिकला तो शरीरानिशी शिकला. धनगराच्या कुत्र्याला भाकरी पचत होती ती यामुळेच. भाकरी वाईट नाही. फक्त १०० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत साडेतीनशेच्या आसपास किलोकॅलरी असतात, आणि नुसत्या दूध-भाकरीत प्रथिनं व क्षार कमी पडतात. मेंढरामागचा कुत्रा ती उणीव उंदीर-हाडकांवर भरून काढायचा. आपल्याकडे ती सोय नाही.

तर मग घालायचं काय? आधी माप, मग पदार्थ. कुत्र्याचं आत्ताचं नाही, तर असायला हवं ते वजन घ्या. कॅल्क्युलेटरवर त्याचं वर्गमूळ काढा. त्या वर्गमूळाचं परत वर्गमूळ काढा. दोन्ही आकडे गुणा आणि ७० नं परत गुणा. ३० किलोसाठी हे सुमारे ९०० किलोकॅलरी येतं. वजन उतरवताना दिवसाची सुरुवात साधारण इथून करतात. उतरण्याचा वेग आठवड्याला वजनाच्या एक ते दोन टक्के, त्याहून घाई नको. आणि डॉक्टरांना आधी दाखवा, कारण थायरॉइडच्या दुखण्यानंही वजन वाढतं.

नेहमीचंच खाणं नुसतं निम्मं करू नये. कॅलरींबरोबर प्रथिनं आणि जीवनसत्त्वंही निम्मी होतात. वजन उतरवण्यासाठीच्या खास खाण्यात प्रथिनं आणि तंतू जास्त, चरबी कमी असते. तेवढ्यासाठी ते घेण्यात अर्थ आहे. घरचं घालायचं तर कातडी काढलेलं चिकन, उकडलेलं अंडं, दुधी, लाल भोपळा, गाजर, फरसबी, आणि भात किंवा भाकरी थोडी. पूर्ण आहार घरचाच असेल तर तो डॉक्टरांकडून बसवून घ्यावा. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट घरातल्या कुणीही द्यायचं नाही.

खाणं वाटीनं न घेता स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावं. वाटी भरणारा हात घरात प्रत्येकाचा वेगळा असतो. आणि वरचं खाणं दिवसाच्या दहा टक्क्यांच्या आत. ९०० मधले हे ९०. चहाबरोबर टाकलेली चार ग्लुकोज बिस्किटं म्हणजे तेवढं झालंसुद्धा! आजोबांनी सकाळी दिली, मुलांनी संध्याकाळी दिली, तर हिशेब कधीच जुळणार नाही. फ्रिजवर एक कागद लावावा, जो देईल त्यानं लिहावं.

कुणाला हे निर्दयपणाचं वाटेल. दारात आलेल्याला तुकडा टाकावा, असं आपल्यावर वाढणारे संस्कार आहेत, आणि ज्या मुलखात तुकडाच दुर्मिळ होता तिथून ते आले आहेत. तिथं जास्तीचा घास म्हणजे माया होती. आपल्या घरातल्या कुत्र्याची गरज वेगळी आहे. माणदेशात माप दुष्काळ ठरवायचा, वाट ठरवायची. इथं दोन्ही नाहीत, तेव्हा ते काम आपल्याला करावं लागणार. उद्या सकाळी खाणं ओतायच्या आधी एकदा काट्यावर ठेवून बघा, आकडा किती येतो ते.