कर्णायुक्त ध्वनिक्षेपक

लहान पटलाची कंपने अरुंद घशातून क्रमाने रुंदावत जाणाऱ्या कर्ण्यात सोडून ध्वनी निर्माण करणारे साधन. पटल, त्यास जोडलेले वेटोळे व चुंबक मिळून होणाऱ्या भागास संपीडन चालक म्हणतात. सभास्थानी लावल्या जाणाऱ्या प्रकारास मराठीत ‘भोंगा’ हे नाव रूढ आहे.

इतिहास : कर्णा घरात प्रथम आला तो ग्रामोफोनबरोबर. ए. जी. वेब्स्टर यांनी १९१९ मध्ये कर्ण्याचा गणिती सिद्धांत मांडला. बेल प्रयोगशाळेतील ई. सी. वेंट व ए. एल. थुरास यांनी १९२८ मध्ये आपल्या संपीडन चालकाचे वर्णन प्रसिद्ध केले. मुंबईत मॅजेस्टिक चित्रपटगृहात १४ मार्च १९३१ रोजी आलम आरा  हा बोलपट प्रदर्शित झाला. पुढील वर्षी प्रभात कंपनीचा अयोध्येचा राजा  हा मराठी बोलपट आला. त्या काळचे विवर्धक अल्पशक्तीचे होते. साध्या शंक्वाकार ध्वनिक्षेपकाची कार्यक्षमता सु. १ टक्का, तर कर्ण्याची तिच्या कित्येक पट असल्याने मोठ्या प्रेक्षागृहात कर्णा अपरिहार्य ठरला. घरगुती वापरासाठी पॉल क्लिप्श यांनी १९४६ च्या सुमारास खोलीच्या कोपऱ्यात बसणारा दुमडलेला कर्णा अमेरिकेत प्रचारात आणला.

मापन : पटलाच्या वस्तुमानामुळे चालकाची ध्वनिशक्ती साधारणतः ३,००० ते ४,००० हर्ट्‌झच्या पुढे दर सप्तकास ६ डेसिबेल घटते. जुन्या घातीय कर्ण्यात उच्च कंप्रतांचा झोत अरुंद होत असल्याने समोर बसणाऱ्यास ही घट जाणवत नसे. बाजूच्या श्रोत्यास मात्र आवाज मंद व बोथट वाटे. १९७५ नंतर प्रचारात आलेल्या स्थिर-दिशिक कर्ण्यांत ध्वनी सर्व कंप्रतांस सारखाच पसरतो; त्यामुळे घट समोरही उघड होते. म्हणून मापन एकाच बिंदूवर न करता निरनिराळ्या कोनांतून करावे लागते. चालक व ध्वनिग्राहक जमिनीपासून १·२ मी. उंचीवर आणि परस्परांपासून १ मी. अंतरावर असल्यास जमिनीवरील परावर्तन सु. ४·७ मिलिसेकंद उशिरा पोहोचते. तेवढाच आरंभीचा भाग विश्लेषणास घेतल्यास सु. २०० हर्ट्‌झच्या वरचा प्रतिसाद खोलीच्या परिणामावाचून मिळतो.

समकारण : वस्तुमानजन्य घट सर्व दिशांना सारखी असल्याने ती समकारकाने भरून काढता येते. परंतु १० डेसिबेल वाढीस दसपट विद्युत् शक्ती लागते आणि पटलावरील ताण वाढतो. कर्ण्याच्या मुखाशी होणाऱ्या परावर्तनामुळे किंवा लहरींच्या व्यतिकरणामुळे पडणारे खळगे स्थानानुसार बदलतात. एका जागी ते भरले, तर दुसऱ्या जागी उंचवटा निर्माण होतो. असे दोष समकारकाने नव्हे, तर कर्ण्याचा आकार बदलूनच दूर होतात. गायकाचा स्वर नाकातून आल्यासारखा करणारा ‘भोंग्याचा आवाज’ बहुधा अशा दोषांतून उद्भवतो. घरात नाट्यसंगीताची ध्वनिमुद्रिका ऐकणाऱ्यास मूळ कंठाचा गुण मिळावयाचा, तर आलेखावरील रेषा सरळ दिसणे पुरेसे नाही; कोणता दोष विद्युत् मार्गाने सुधारण्याजोगा आहे, हे मापनानेच आधी ठरवावे लागते.