हजेरीपटावरील आकडा

नवा कारखाना आला की आमच्याकडे पहिला प्रश्न असतो : भरती किती? प्रश्न रास्त आहे, पण अर्धा आहे. शंभर घेतले आणि शंभर गेले, तर भरती शंभरांची होते. रोजगार एकानेही वाढत नाही. वाढत्या कारखान्यात भरती होते, तशीच न वाढणाऱ्या कारखान्यातही होते, कारण गेलेल्याची जागा भरावी लागते. म्हणून भरतीची जाहिरात म्हणजे प्रगती नव्हे. कोण आला, कोण गेला आणि दार कोणाच्या हाती होते, हा खरा इतिहास आहे.

मुंबईच्या गिरण्यांत ते दार जॉबरच्या हाती होते. तोच माणूस घेई, तोच काढी. गैरहजर कामगाराची जागा दारात ताटकळणाऱ्या बदलीवाल्याला मिळे. पण रिकामी जागा सर्वांसाठी रिकामी नव्हती. विणाई खात्यात धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे. अस्पृश्याच्या ओठांना लागलेला धोटा सवर्ण कामगाराला विटाळ वाटे. अधिक मजुरीचे ते खाते वाढले, तरी आमचा माणूस कताईतच राहिला. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना हाच जाब विचारला : सर्व खाती अस्पृश्यांना खुली का नाहीत? मालकापुढे टिकणारी एकजूट धोट्यापाशी तुटत होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांतील हजारो पुन्हा कामावर आलेच नाहीत आणि त्यांच्या जागाही भरल्या गेल्या नाहीत. तिथे जाणे होते, येणे नव्हते.

मराठवाड्यात चिकलठाणा आणि वाळूजच्या वसाहती उभ्या राहिल्या, तेव्हा जॉबर मागे पडला होता. पुढे त्याच्या जागी कंत्राटदार आला. १९५३ च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद कायद्यात वर्षाची सलग सेवा, म्हणजे २४० दिवस, भरलेल्या कामगाराला कपातीच्या वेळी नोटीस आणि भरपाईचा हक्क दिला. त्यावर देशभर पळवाट निघाली : दिवस भरण्याआधी माणूस बदला. हजेरीपटावरील आकडा तोच राहतो, त्यामागची माणसे बदलत राहतात. खाजगी कारखान्याला आरक्षण लागू नाही, तेव्हा या ये-जा करणाऱ्यांत आपली पोरे किती आणि कायम झालेल्यांत किती, हे कोणी सांगत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी भरतीचा आकडा ऐकून टाळ्या वाजवू नयेत. तीन रकाने मागावेत : किती आले, किती गेले, किती टिकले. आणि प्रत्येक रकान्यापुढे जात लिहून मागावी.